आंदणात सोलापूर: चांदबिबीच्या सोयरिकीचं प्रकरण

अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने १५६४ च्या सुमारास आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला. त्याच बोलणीत अलीची बहीण हदिया सुलतान हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला, करून घेतली. सरळ सरळ साटंलोटं. चांदबिबीचा जन्म साधारण १५५० चा धरतात, म्हणजे नवरी चौदा-पंधरा वर्षांची होती.

आपल्याला ती भेटते शाळेच्या पुस्तकात, आणि तीही एकदम नगरच्या किल्ल्याला पडलेल्या १५९६ च्या मुघल वेढ्यात, हातात तलवार घेऊन तटाच्या खिंडारात उभी. ते चित्र खोटं नाही. पण त्या खिंडारात ती कोणत्या हक्काने उभी होती आणि चार वर्षांनी त्याच किल्ल्यात तिच्याच माणसांनी तिला का मारलं, हे समजून घ्यायचं तर छत्तीस वर्षं मागे, त्या लग्नाच्या बोलणीपाशी जावं लागतं. माझं मत असं की ही सोयरीक दोन राज्यांना एका लढाईपुरतीच फळली. तिच्यातून टिकून राहिली ती एक बाई, जिचा शब्द दोन्ही दरबारांत चालत होता. तिचं बळ त्यातच होतं आणि तिच्यावर घेतलेला आळही त्यातूनच आला: ही नक्की कुणाची, माहेरची की सासरची?

सोलापूरचं जुनं दुखणं

सोलापूर विजापूरहून जेमतेम शंभर किलोमीटर. नगरहून ते अडीचशेच्या आसपास पडतं, पण नगरजवळ उगम पावणारी सीना थेट सोलापूरकडे उतरते. नगरच्या फौजेने सोलापूर धरलं की विजापूर चार-पाच मजलांवर येई. उलट ते विजापूरकडे असलं की भीमेच्या उत्तरेला आदिलशाहीचं पाऊल घट्ट राही. म्हणून हा किल्ला दोघांनाही सोडवत नव्हता.

यावरून एक लग्न आधीच नासलं होतं. १५२४ मध्ये हुसेनचा बाप बुऱ्हाण निजामशहा याचं लग्न इस्माइल आदिलशहाच्या बहिणीशी, मरियमशी, झालं आणि तेही सोलापूरलाच. मध्यस्थ होते नगरचे शाह ताहिर. नगरकरांचं म्हणणं असं की नवरीबरोबर सोलापूर देण्याचा शब्द झाला होता. इस्माइलने किल्ला दिला नाही. पुढच्याच वर्षी मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर आले. नगरात मरियमपेक्षा बुऱ्हाणच्या दुसऱ्या बायकोचा, अमिनाचा, मान मोठा आहे, ही तक्रारही विजापूरला पोचली होती. हुसेन या अमिनाचा मुलगा. आंदणात कबूल केलेला आणि न दिलेला किल्ला काय करतो, हे त्याच्या घरानेच भोगलं होतं. चाळीस वर्षांनी त्याने स्वतःच्या मुलीबरोबर तोच किल्ला दिला, आणि या वेळी खरोखर दिला.

एवढा हट्टी माणूस असा वाकला, कारण त्याला विजयनगरने दोनदा वाकवलं होतं. अली आदिलशहा तेव्हा विजयनगर चालवणाऱ्या रामरायाचा दोस्त. इतका, की रामरायाचा मुलगा वारला तेव्हा तो स्वतः विजयनगरला सांत्वनाला गेला होता. अलीला सोलापूर आणि कल्याणी हवं होतं आणि त्यासाठी त्याने रामरायाची फौज नगरच्या वेशीपर्यंत आणली. तहाच्या वेळी हुसेनला रामरायाच्या डेऱ्यात जावं लागलं. त्या काळचा फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो की रामरायाने हात हातात घेतल्यावर हुसेनने तिथेच पाणी मागवून हात धुतले. अशा भेटीतून मैत्री निघणं शक्यच नव्हतं. हुसेनने आधी आपली दुसरी मुलगी, बिबी जमाल, गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाला देऊन एक बाजू बांधली होती. तेवढ्याने भागलं नाही. दरम्यान रामरायाच्या वागणुकीने अलीही दुखावला होता. तेव्हा कुतुबशहाने आपला वजीर मुस्तफाखान अर्दिस्तानी याला मधे घातलं. त्याने नगर आणि विजापूर अशा खेपा घालून साटंलोटं जमवलं आणि सोलापूरचा प्रश्न एकाच घासात मिटवला. हा मुस्तफाखान लक्षात ठेवायला हवा, कारण सोळा वर्षांनी चांदबिबीच्या आयुष्यात तो पुन्हा येतो, मेलेला.

लग्नं झाली, फौजा एक झाल्या, आणि २३ जानेवारी १५६५ ला कृष्णेकाठच्या त्या लढाईत, जिला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची म्हणतो, रामराया मारला गेला. ज्या कामासाठी सोयरीक केली ते काम झालं. त्याच वर्षी हुसेनही गेला. नवऱ्याघरी नुकत्याच आलेल्या मुलीचा बाप गेला, आणि सोयरिकीचं कारणही संपलं.

सासरची सोळा वर्षं

पुढे काय होणार ते उघड होतं. १५६७ मध्ये अलीच्या सरदाराने आजच्या बीड जिल्ह्यात, म्हणजे निजामशाही मुलखात, धारूरचा किल्ला बांधला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. दोन वर्षांत तिच्या भावाने, मुर्तझाने, चालून जाऊन तो किल्ला घेतला आणि तो सरदार मारला गेला.

त्या काळात नगरचा कारभार तिची आई खुंजा हुमायून पाहत होती. मुर्तझा लहान म्हणून तिने चार-एक वर्षं राज्य चालवलं, फौजेबरोबर गेली, आणि १५६९ मध्ये तिच्याच मुलाने तिला कैद केलं. तिच्या नशिबाचा एक पुरावा पुण्यात आजही आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचलेल्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या सचित्र काव्याची पोथी भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्या चित्रांत हुसेनच्या शेजारी, कुठे अगदी त्याच्याजवळ बसलेली, खुंजा हुमायून रंगवलेली होती. राणी सत्तेवरून उतरल्यावर कुणीतरी त्या चित्रांतली तिची आकृती बिघडवून टाकली. हुसेन आहे, दासी आहेत, गालिचा आहे, आणि राणीच्या जागी डाग. मला वाटतं, विजापुरात बसलेल्या चांदबिबीला आईची ही गत कळली तेव्हा राज्य सांभाळणाऱ्या बाईचं पुढे काय होतं याचा पहिला धडा तिला मिळाला असणार.

तिच्या स्वतःच्या या वर्षांबद्दल परंपरा बरंच सांगते: फारसी, अरबी, तुर्कीबरोबर तिला मराठी आणि कानडी येत होती, ती वाद्य वाजवी, फुलांची चित्रं काढी, नवऱ्याबरोबर घोड्यावर मोहिमेला जाई. पुढच्या दखनी चित्रकारांनी तिला घोड्यावर, हातावर ससाणा घेतलेली, अशीच पुन्हा पुन्हा रंगवली. विजापुरात अलीने १५७९ मध्ये बांधलेल्या मोठ्या बावडीला चांद बावडी म्हणतात, तेही तिच्या नावावरून. एका गोष्टीचं मात्र तिच्या पुढच्या आयुष्यावर ओझं राहिलं: अलीला मूल झालं नाही. त्याने भावाचा, तहमास्पचा, मुलगा इब्राहिम वारस नेमला. एप्रिल १५८० मध्ये अलीचा खून झाला तेव्हा इब्राहिम नऊ वर्षांचा होता आणि त्याला वाढवायचं काम चांदबिबीकडे आलं.

१५८०: मोहोर आणि सातारा

प्रकरणाची गाठ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

मुलगा तख्तावर, चुलती पडद्यामागे आणि कारभार कामिलखान दखनीकडे, अशी व्यवस्था ठरली. बुधवार आणि शुक्रवार सोडून रोज पोराला दरबारात बसवायचं, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, असा शिरस्ता होता. दोन-अडीच महिन्यांत कामिलखान राणीलाच जुमानेना. तिने हाजी किश्वरखानाला हाताशी धरून त्याला काढलं. पळताना कामिलखान मारला गेला. कारभार किश्वरखानाकडे आला आणि तोही त्याच वाटेने गेला.

तेवढ्यात तिच्या भावाची फौज सरहद्दीवर आली. विजापूरच्या सरदारांनी धाराशिवजवळ ती मोडली आणि हत्ती पकडले. किश्वरखानाने ते हत्ती सरकारजमा करायचा हुकूम सोडला. जिंकून आलेले सरदार चिडले आणि बंकापूरच्या मुस्तफाखानाला कारभारी करावं अशी कुजबुज सुरू झाली. हा मुस्तफाखान तोच, चांदबिबीचं लग्न जमवणारा. तालिकोटनंतर तो गोवळकोंडा सोडून अलीच्या चाकरीत आला होता. किश्वरखानाने राजाच्या मोहोरेचं फर्मान बंकापूरला धाडून त्याला ठार मारवलं.

चांदबिबी यावर गप्प बसली नाही. अशा माणसाला असं मारल्याबद्दल तिने किश्वरखानाला उघड बोल लावले. किश्वरखानाकडे उत्तर नव्हतं. मग त्याने हाताशी असलेलं हत्यार काढलं: राणी इथल्या बातम्या भावाला कळवते, नगरच्या फौजेला तीच बोलावते. नऊ वर्षांच्या राजाकडून हुकूम घेतला आणि तिला जनानखान्यातून जबरदस्तीने बाहेर काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर, आजच्या अजिंक्यताऱ्यावर, कैदेत पाठवलं.

या आळाला पुरावा लागत नव्हता, हेच त्याचं सामर्थ्य. नगरची फौज सरहद्दीवर आली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि राणी नगरची लेक हेही सगळ्यांना ठाऊक. मधली ओळ ज्याने त्याने भरून घ्यायची. ज्या नात्यासाठी तिला या घरात आणलं, त्याच नात्याचा गुन्हा झाला. सोळा वर्षांचा संसार, नवऱ्याचं राज्य, मांडीवर वाढवलेला वारस, यातलं काहीही तिच्या बाजूने तोललं गेलं नाही.

विजापूरच्या लोकांनी मात्र वेगळा निवाडा केला. किश्वरखान रस्त्याने निघाला की बायाबापड्या त्याला शिव्याशाप देत. हबशी सरदार उलटले तेव्हा तो पळाला. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखं आहे की राणीवर नगरशी संधान बांधल्याचा आळ घेणारा हा माणूस आसऱ्यासाठी नगरलाच धावला. तिथे थारा न मिळाल्याने गोवळकोंड्याला गेला आणि तिथे मुस्तफाखानाच्या एका नातलगाने त्याला मारलं.

चांदबिबी साताऱ्याहून परत आली. हबशी इखलासखान कारभारी झाला. आणि लगेच तिच्या माहेरची फौज, गोवळकोंड्याची कुमक घेऊन, विजापूरच्या तटाशी येऊन बसली. वेढा वर्षभर चालला. पावसाळ्यात तटाचा एक भाग ढासळला. आतून लढाई उभी ठेवणाऱ्यांत ती होती. हबशी सरदारांनीच तिला सांगितलं की आमच्यामुळे बाकीचे अमीर येत नाहीत, तुम्हीच कुणाला तरी नेमा. तिने शाह अबुल हसनला नेमलं. म्हणजे १५२४ चं लग्न जमवणाऱ्या शाह ताहिरांचा मुलगा. त्याने कर्नाटकातून बर्गी, म्हणजे मराठे, स्वार बोलावून वेढ्याची रसद तोडली आणि नगर-गोवळकोंडा दोघांनाही हात हलवत परत जावं लागलं.

भावाच्या तोफांसमोर तिने सासरचा तट राखला. किश्वरखानाच्या आरोपाला याहून सरळ जबाब असू शकत नाही. पण त्याचं फळ तिच्या पदरात पडलं नाही. पाठोपाठ दिलावरखानाने सत्ता बळकावली, अबुल हसनचे डोळे काढले, आणि पुढची आठ वर्षं राज्य त्याचंच होतं.

पुन्हा माहेर

१५८४ मध्ये इब्राहिमची बहीण खदिजा नगरच्या मिरान हुसेनला, मुर्तझाच्या मुलाला, दिली. तिच्याबरोबर चांदबिबी नगरला गेली. भावाला भेटायचं होतं, असं कारण नोंदलं आहे. दिलावरखानाच्या विजापुरात तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं असणार. आता ती दुसऱ्या एका मुलीला त्याच वाटेवर पोचवत होती.

खदिजाचं काय झालं ते थोडक्यात सांगावं असंच आहे. सासरा मुर्तझा एकांतवासात भ्रमिष्ट झालेला. १५८८ मध्ये नवऱ्याने बापाला मारलं. वर्षभरात नवऱ्याला दरबाऱ्यांनी मारलं. विधवा खदिजाला परत मिळवण्यासाठी विजापूरला फौज उभी करावी लागली. या सगळ्याचा बराचसा तपशील देणारा फिरिश्ता आधी नगरच्या चाकरीत होता आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. दोन्ही दरबारांचं मीठ खाल्लेला माणूस म्हणून त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

१५९५ मध्ये नगरचा इब्राहिम निजामशहा विजापूरशीच लढताना पडला आणि तख्तासाठी एकदम चार नावं पुढे आली. दरबारातल्या मियाँ मंजू या सरदाराने अहमद नावाचा मुलगा बसवला आणि प्रतिस्पर्धी भारी पडतील म्हणून अकबराच्या मुलाला, मुरादला, गुजरातेतून बोलावलं. मग पस्तावला आणि किल्ला दुसऱ्याच्या हाती देऊन निघून गेला. चांदबिबीने जुन्नरजवळच्या चावंडवर ठेवलेल्या तान्ह्या बहादुरचं, मेलेल्या सुलतानाच्या मुलाचं, नाव जाहीर केलं आणि किल्ला ताब्यात घेतला. तिच्याकडे पद नव्हतं. ती हुसेनची मुलगी होती आणि विजापूरच्या सुलतानाने तिच्याच हातचा घास खाल्ला होता, हे तिचं पद.

वेढ्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. सुरुंग लागल्याची खबर आली, काहींतली दारू काढली, एक उडाला, तट फुटला, ती बुरख्यावर चिलखत चढवून खिंडारात आली, आणि रातोरात भिंत पुन्हा उभी राहिली. गोळे संपल्यावर तांब्याची, चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत भरली असंही सांगतात. यात एक बाजू नेहमी राहून जाते. मुराद तहाला तयार झाला तो केवळ तटापुढे नव्हे; विजापूरहून सुहेलखानाची मोठी फौज निघाली होती. ती पाठवणारा इब्राहिम आदिलशहा म्हणजे तिने वाढवलेला तो नऊ वर्षांचा मुलगा, आता पंचविशीतला. १५६४ च्या सोयरिकीतून दोन राज्यांना पुढे काही मिळालं असेल तर ते हे, आणि तेही तिच्यामुळे. तहात वऱ्हाड गेलं, जे तिच्या भावाने १५७४ मध्ये जिंकलं होतं. तिने मुलूख दिला आणि राजधानी वाचवली. त्या परिस्थितीत मला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो.

दुसऱ्यांदा तोच आळ

पुढची चार वर्षं १५८० च्याच चालीने गेली. तिने नेमलेला पेशवा महंमदखान माजला. त्याला काढायला पुन्हा विजापूरची फौज आणावी लागली. नंतर आलेला आहंगखान तिच्याच विरोधात गेला. मुघलांशी कुरापत काढू नका, हे तिचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. १५९७ मध्ये गोदाकाठी सोनपेठजवळ दखनी फौजा हरल्या.

१६०० मध्ये अकबराचा मुलगा दानियाल आणि मुघल सेनापती खानखानान नगरच्या तटाशी आले. अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात होता. आहंगखान निघून गेला होता. तिने किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याला, खोजा हमीदखानाला, बोलावून विचार मांडला: एवढ्या फौजेपुढे टिकाव लागणार नाही, किल्ला द्यावा आणि मुलाला घेऊन जुन्नरला जावं, म्हणजे राज्य तरी उरेल. हमीदखान ऐकून बाहेर पडला आणि गल्लीतून ओरडत सुटला की राणी मुघलांना मिळाली. जमाव त्याच्या मागे महालात शिरला आणि तिला ठार केलं.

विजापुरात ‘नगरला मिळाली’, नगरात ‘मुघलांना मिळाली’. दोन्ही वेळा तिने केलं ते कारभाऱ्याचं काम होतं: एकदा खुनाचा जाब विचारला, एकदा सल्ला विचारला. दोन्ही वेळा आळ ओरडायला एक माणूस पुरला. थोड्याच दिवसांत सुरुंगांनी तट उडाला, किल्ला पडला आणि बहादुरला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं. तिने सुचवलेली जुन्नरची वाट पुढे वेगळ्या माणसाने वापरली: मलिक अंबरने दुसरा निजामशहा उभा करून पुढची अनेक वर्षं हेच राज्य नगरबाहेरून चालवलं, काही काळ जुन्नरहूनच. म्हणजे तिचा सल्ला चुकीचा नव्हता.

पाथर्डी रस्त्यावर डोंगरावर दिसणाऱ्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. ती मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. नगरकरांनी ती चांदबिबीच्या नावावर केली, त्यात प्रेम आहे, आणि मला ते खोडून काढावंसं वाटत नाही.

मधे मलिक अंबरने घेतलं ती काही वर्षं सोडली तर सोलापूर आदिलशाहीकडे राहिलं आणि १६६८ च्या तहात मुघलांकडे गेलं. सोयरिकीची रीत मात्र तिच्यामागे लगेच पुढे चालू झाली. १६०४ मध्ये इब्राहिम आदिलशहाने, त्याच चांदबिबीच्या इब्राहिमने, आपली मुलगी बेगम सुलतान ज्याने नगर घेतलं त्या दानियालला दिली. लग्न गोदाकाठी पैठणला झालं. मुलीला बुऱ्हाणपूरपर्यंत पोचवायला फिरिश्ता बरोबर होता. पुढच्याच वर्षी दारूने दानियाल मेला.